‘पुट’ला जोडून येणारे शब्द: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी पायरीपायरीने

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाऊंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, नव्याने क्वालिटीच्या टेबलावर बसलेल्या मुलाला परदेशी ग्राहकाचा मेल येतो: ‘प्लीज डोन्ट पुट धिस ऑफ एनी लाँगर.’ एकूण एक शब्द पाचवीपासून ओळखीचा, तरी वाक्याचा अर्थ लागत नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर, नर्सिंगच्या मुलाखतीत, स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी प्रश्नांत हीच अडचण येते.

गाईडमधली लांबलचक यादी घोकून हे सुटत नाही, कारण यादीत कर्म नसतं. आपलं ‘लावणे’ घ्या. दिवा लावला की उजेड होतो, दार लावलं की ते बंद होतं, वाट लावली की नुकसान होतं. हे अर्थ कुणी आपल्याकडून पाठ करून घेतले नाहीत. कर्मासकट वाक्यं कानावर पडत गेली आणि ती बसली. ‘पुट’ तसंच शिकायचं आहे. फक्त कानावर पडण्याची वाट न बघता ते शिस्तीत करायचं.

लागणारं सामान

– एक शंभरपानी रेघांची वही.
– इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, म्हणजे ‘लर्नर्स’ प्रकारचा इंग्रजी-इंग्रजी कोश. मोबाईलवरचा फुकट चालतो. छापील बघायचा असेल तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या वाचनालयात संदर्भासाठी मिळतो का, विचारा. नुसता इंग्रजी-मराठी कोश या कामाला पुरत नाही. त्यात कर्म कुठे बसतं ते बहुधा दिलेलं नसतं.
– आवाज रेकॉर्ड करता येईल असा कुठलाही फोन.

१. आधी नुसतं ‘पुट’ नीट करा

मराठीत ‘मी किल्ली ठेवली’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं. इंग्रजीत ‘आय पुट द की’ अर्धवट राहतं. काय ठेवलं आणि कुठे ठेवलं, दोन्ही सांगावं लागतं: ‘आय पुट द की इन द ड्रॉवर.’ पूर्ण जागा सांगायची नसेल तर ‘हिअर’, ‘बॅक’, ‘अवे’ असा एखादा शब्द तरी लागतोच. पुढचं सगळं यावर उभं आहे. ऑफ, आऊट, अप, डाऊन हे शब्द त्या ‘कुठे’च्या जागेवर येऊन बसतात. म्हणून ते शोभेचे नाहीत. काढले तर वाक्य मोडतं.

आपण टेबलावर पेला ठेवतो, चहात साखर घालतो, खिशात पैसे टाकतो, भिंतीला कॅलेंडर लावतो. ही चारही कामं ‘पुट’ एकटं करतं. तेव्हा मराठी क्रियापद बदललं म्हणून इंग्रजी क्रियापद शोधत बसू नका.

दोन चुका इथेच काढून टाका. पहिली ‘कीप’ची. ‘फाईल टेबलावर ठेव’ याचं आपण सहज ‘कीप द फाईल ऑन द टेबल’ करतो. बाहेरचा माणूस त्याचा अर्थ ‘फाईल टेबलावरच राहू दे, हलवू नकोस’ असा घेतो. ठेवण्याची क्रिया सांगायची असेल तर ‘पुट’, ठेवलेल्या स्थितीत राहू द्यायचं असेल तर ‘कीप’. दुसरी चूक भूतकाळाची. ‘पुटेड’ असा शब्द नाही. तिन्ही रूपं ‘पुट’च. त्यामुळे ‘ही पुट इट ऑफ’ म्हणजे त्याने पुढे ढकललं, आणि ‘ही पुट्स इट ऑफ’ म्हणजे तो नेहमी ढकलतो. काळ ओळखायला तो शेवटचा ‘स’ तेवढाच हाताशी असतो. ‘पुटिंग’ लिहिताना टी दोनदा येतो.

२. जोडीचा शब्द कोणत्या जातीचा आहे ते तपासा

शाळेतली शब्दयोगी अव्यय आणि क्रियाविशेषण ही नावं इथे उपयोगी पडतात. ‘शी पुट द लिड ऑन द पॉट’ यातलं ‘ऑन’ पातेल्याला चिकटलेलं आहे, म्हणजे शब्दयोगी. ‘शी पुट द लिड ऑन’ यातलं ‘ऑन’ स्वतःच्या पायावर उभं आहे, ते क्रियाविशेषण.

कसोटी सोपी आहे. त्या छोट्या शब्दानंतरचं नाम उचलून त्याच्या आधी ठेवून बघा. ‘ही पुट ऑन हिज शूज’ याचं ‘ही पुट हिज शूज ऑन’ होतं, म्हणून तिथे क्रियाविशेषण. ‘ही पुट द फाईल ऑन द टेबल’ याचं ‘ही पुट द फाईल द टेबल ऑन’ होत नाही, म्हणून तिथे शब्दयोगी. ‘पुट’च्या ज्या जोड्यांचा अर्थ सहज लागत नाही त्यांतल्या बहुतेक क्रियाविशेषणाच्या असतात, त्यामुळे वेळ तिथे घाला.

३. कर्म कुठे बसवायचं

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, आणि परीक्षेतले प्रश्नही इथलेच असतात.

साधं नाम असेल तर दोन्ही बाजू चालतात: ‘दे पुट ऑफ द मॅच’ किंवा ‘दे पुट द मॅच ऑफ’.

सर्वनाम असेल तर एकच जागा, मधली: ‘दे पुट इट ऑफ’. ‘दे पुट ऑफ इट’ चूक. इट, देम, हिम, हर, मी, अस, सगळ्यांना हाच नियम. जीभ घसरते ती इथे, कारण मराठीत असा प्रश्नच येत नाही.

कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी. शाहू स्टेडियमवरचा पावसामुळे लांबलेला अंतिम सामना सांगताना ‘दे पुट ऑफ द फायनल दॅट वॉज प्लॅन्ड फॉर संडे’ म्हणा. एवढं सगळं मध्ये कोंबून शेवटी ‘ऑफ’ म्हटलं तर ऐकणाऱ्याचा धागा सुटतो.

कर्माच्या जागी क्रिया आली तर ‘इंग’वालं रूप येतं: ‘ही पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट.’ इथे ‘पुट ऑफ टू गो’ म्हणू नका.

कर्मणी प्रयोगात कर्म पुढे जातं आणि जोडी एकत्र राहते: ‘द मॅच वॉज पुट ऑफ.’ इथे ‘ऑफ’ विसरलात तर ‘सामना ठेवला गेला’ असं काहीतरी अर्धवट उरतं.

४. एकेक दिशा कर्मासकट शिका

क्रम हाच ठेवा. पहिल्या पाच दिशांना प्रत्येकी दोन-तीन दिवस द्या, बाकीच्या एका बैठकीत होतील.

ऑन. साडी नेसतात, फेटा बांधतात, बांगड्या भरतात, चष्मा लावतात, चप्पल घालतात, अत्तर लावतात. इंग्रजीत या सगळ्याला ‘पुट ऑन’ चालतं. मात्र ‘पुट ऑन’ ही अंगावर चढवण्याची क्रिया आहे. गर्दीत माणूस ओळखायला ‘तो लाल शर्ट घातलेला’ म्हणायचं असेल तर ‘ही इज वेअरिंग अ रेड शर्ट’. तिथे ‘पुटिंग ऑन’ म्हटलं तर तो रस्त्यात उभा राहून शर्ट चढवतोय असं होतं.

गॅसवर भात लावला, रस्सा ठेवला, तिथेही ‘ऑन’: ‘शी पुट द राईस ऑन.’ वजन वाढलं: ‘ही हॅज पुट ऑन टू किलोज.’ नाटक बसवून सादर केलं: ‘दे पुट ऑन अ प्ले.’ फोन दुसऱ्याकडे द्यायला सांगायचं: ‘कॅन यू पुट हिम ऑन?’ या सगळ्यांत काहीतरी वर चढतं किंवा सुरू होतं. ती जाणीव मदतीला घ्या, पण तिच्या जोरावर नवा अर्थ मनाने बनवू नका.

ऑफ. मुख्य अर्थ पुढे ढकलणे: ‘वुई पुट द मीटिंग ऑफ टिल मंडे.’ ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे. दोन्हींची गल्लत झाली तर माणसं येतात किंवा येत नाहीत, म्हणून फरक पक्का करा. माणूस कर्म असेल तर अर्थ बदलतो: ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणजे त्या वासाने माझं मन उडालं, इच्छा गेली. यावरूनच ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषण आलं, म्हणजे नकोसं वाटायला लावणारं.

घराघरात ऐकू येणारं ‘फॅन ऑफ कर’ मराठीत ठीक आहे. इंग्रजीत ‘ऑफ द फॅन’ होत नाही, कारण तिथे ‘ऑफ’ क्रियापद नाही. ‘पुट ऑफ द फॅन’ आपल्याकडे चालतं, पण बाहेर ते जुनाट किंवा संदिग्ध वाटतं. ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ वापरा.

आऊट. आग किंवा दिवा विझवणे: ‘दे पुट द फायर आऊट.’ खुर्च्या बाहेर मांडून ठेवणे: ‘पुट आऊट द चेअर्स.’ निवेदन काढणे: ‘पुट आऊट अ स्टेटमेंट.’ कामाची निविदा काढणे: ‘पुट द वर्क आऊट टू टेंडर.’ कुस्तीत खांदा निखळला तर ‘ही पुट हिज शोल्डर आऊट’. यात त्याने मुद्दाम केलं असा अर्थ नाही. एक सावधगिरी: कर्म न घेता नुसतं ‘शी पुट्स आऊट’ असं कुणाविषयी म्हणू नका. अमेरिकन बोलीत त्याला असभ्य अर्थ आहे.

अप. हात वर करणे, पोस्टर लावणे, मांडव घालणे, तंबू ठोकणे या सगळ्याला ‘पुट अप’. भाडं वाढवणे: ‘ही पुट द रेंट अप बाय फाईव्ह हंड्रेड.’ कितीने वाढवलं ते ‘बाय’ने सांगतात; ‘विथ’ चालत नाही. पाहुण्याची मुक्कामाची सोय करणे: ‘माय अंकल पुट मी अप फॉर टू नाईट्स.’ हरला पण झुंज दिली: ‘ही पुट अप अ गुड फाईट.’ या शेवटच्या वाक्यातला क्रम हलवत नाहीत.

‘अप’चे दोन सापळे खास आपल्याकडचे आहेत. ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ हा प्रश्न आपण ‘कुठे राहता?’ या अर्थाने विचारतो. बाहेरच्या माणसाला तो चार दिवसांच्या मुक्कामाविषयी वाटतो, किंवा कळतच नाही. राजारामपुरीत कायम राहत असाल तर ‘आय लिव्ह इन राजारामपुरी’. दुसरा सापळा सरकारी कार्यालयातला. ‘फाईल पुटअप करा’ म्हणजे मंजुरीसाठी साहेबांपुढे ठेवा. कार्यालयात हे बिनचूक चालतं, तिथे सोडू नका. परदेशी ग्राहकाला मात्र ‘सबमिट फॉर ॲप्रूव्हल’ लिहा. ‘पुट अप द फाईल’ वाचून त्याला फाईल भिंतीला टांगल्यासारखी वाटेल.

डाऊन. खाली ठेवणे, फोन ठेवणे, नाव टिपून घेणे: ‘पुट मी डाऊन फॉर टू टिकिट्स.’ खोलीसाठी अनामत भरणे: ‘आय पुट डाऊन अ डिपॉझिट.’ चारचौघांत पाणउतारा करणे: ‘ही पुट हर डाऊन इन फ्रंट ऑफ एव्हरीवन.’ जनावरांच्या बाबतीत जपा. ‘दे पुट द डॉग डाऊन’ याचा अर्थ आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन शांतपणे मारलं असा घेतला जातो. उचलून घेतलेलं पिल्लू जमिनीवर ठेवलं एवढंच सांगायचं असेल तर ‘ऑन द फ्लोअर’ जोडा.

बॅक आणि फॉरवर्ड. इथे मराठी आपल्याला थेट उलट नेते. आपण बैठक ‘पुढे’ ढकलतो, म्हणून ‘पुट द मीटिंग फॉरवर्ड’ तोंडात येतं. इंग्रजीत त्याचा अर्थ बैठक अलीकडे घेतली असा होतो. उशिरा घ्यायची तर ‘पुट बॅक’ किंवा ‘पुट ऑफ’. घड्याळाच्या बाबतीत दिशा काट्यांची असते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी ‘दे पुट द क्लॉक्स फॉरवर्ड’, म्हणजे काटे एक तास पुढे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘दे पुट देम बॅक’. त्यामुळे तिथल्या ग्राहकाशी आपलं अंतर उन्हाळ्यात साडेचार तासांचं आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचं असतं. वेळ बदलायची असेल तर फॉरवर्ड-बॅकवर विसंबू नका. नवी तारीख आणि दोन्हीकडची वेळ आकड्यांत लिहा. ‘पुट फॉरवर्ड’चा दुसरा अर्थ प्रस्ताव मांडणे, तो मात्र बिनधास्त वापरा.

उरलेल्या. ‘पुट अवे’ म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवून देणे, आणि बोलीत भरपूर खाणेही. ‘पुट असाईड’ म्हणजे बाजूला काढून ठेवणे, मग ते पैसे असोत की भांडण. ‘पुट टुगेदर’ म्हणजे सुटे भाग जोडणे. ‘पुट अक्रॉस’ म्हणजे म्हणणं समोरच्याला पटेल असं पोचवणे. ‘पुट इन’ म्हणजे वेळ किंवा कष्ट घालणे, अर्ज देणे. ‘पुट थ्रू’ फोन जोडून देण्यासाठी. रिसेप्शनवर बसणाऱ्यांनी हे वाक्य जिभेवर चढवून ठेवावं: ‘आय विल पुट यू थ्रू टू डिस्पॅच.’ यातलं ‘यू’ मध्येच राहतं.

५. तीन शब्दांच्या जोड्या

इथे क्रियाविशेषण आणि शब्दयोगी दोन्ही येतात. त्यामुळे शेवटच्या शब्दानंतर कर्म लागतंच.

‘पुट अप विथ’ म्हणजे नाइलाजाने सहन करणे. ‘आय कान्ट पुट अप विथ द नॉईज.’ सर्वनामही शेवटीच: ‘पुट अप विथ इट’. तिसऱ्या पायरीचा ‘सर्वनाम मध्ये’ हा नियम नुकताच पाठ झालेले लोक इथे ‘पुट इट अप विथ’ करून बसतात. मध्ये यायला वेगळं कर्म असावं लागतं, आणि ‘पुट अप विथ’ला ते नाही.

‘पुट डाऊन टू’मध्ये ते आहे. याचा अर्थ एखाद्या गोष्टीचं कारण अमुक मानणे. फाऊंड्रीवाल्यांना हे रोज लागतं: ‘वुई पुट द ब्लोहोल्स डाऊन टू मॉईश्चर इन द सँड.’ कास्टिंगमधल्या ब्लोहोलचं, म्हणजे ओतलेल्या भागात वायूमुळे राहिलेल्या पोकळीचं, कारण वाळूतला ओलावा आहे असं आम्ही मानतो. दोष मध्ये, कारण शेवटी. ही उलटापालट झाली तर ब्लोहोलमुळे वाळू ओली झाली असा अर्थ ग्राहकाकडे जाईल. हे आपलं मत सांगणं आहे. तपासणीत कारण सिद्ध झालेलं असेल तर सरळ ‘वॉज कॉज्ड बाय’ लिहा.

‘पुट इन फॉर’ म्हणजे रीतसर मागणी करणे: ‘ही हॅज पुट इन फॉर अ ट्रान्सफर.’ रजा, बदली, पगारवाढ, सगळ्याला चालतं.

६. कान आणि जीभ

‘पुट’चा उच्चार ‘फुट’शी जुळतो. ‘पट’ म्हटलं तर गोल्फमधला वेगळाच शब्द होतो. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की बोलताना तुकडे जुळतात: ‘पुट इट ऑफ’ ऐकताना ‘पुटिटॉफ’ असं एकच ऐकू येतं, ‘पुट ऑन’ हे ‘पुटॉन’. ऐकताना अडतं ते बहुतेक यामुळे.

जोर क्रियाविशेषणावर द्या: पुट इट ‘ऑफ’, पुट इट ‘डाऊन’. शब्दयोगी असेल तर जोर पुढच्या नामावर जातो: पुट इट ऑन द ‘टेबल’. नाम झालं की जोर पहिल्या भागावर सरकतो: ‘पुट-डाऊन’ म्हणजे टोमणा, तसेच ‘इनपुट’ आणि ‘आऊटपुट’. चौथ्या पायरीतली वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी कागद न बघता ऐका. कुठल्या शब्दावर जोर पडलाय ते स्वतःला ओळखता आलं पाहिजे.

७. वही कशी भरायची

पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात कर्मासकट पूर्ण वाक्य, दुसऱ्यात तेच वाक्य सर्वनाम घालून, तिसऱ्यात आपण घरी बोलतो तशा मराठीत अर्थ. ‘दे पुट आऊट द फायर’, ‘दे पुट इट आऊट’, ‘आग विझवली’. दुसरा रकाना लिहायचा कंटाळा येतो, पण बोलताना तोच कामाला येतो.

दिवसाला चार वाक्यं पुरे. त्यातलं निदान एक तुमच्या कामातलं असू द्या. उजळणी करताना तिसरा रकाना उघडा ठेवून पहिले दोन झाका. इंग्रजी वाचून मराठी सांगणं सोपं असतं, त्याने फसवा आत्मविश्वास येतो.

कोशात ‘पुट’खाली ‘समथिंग’ आणि ‘समबडी’ यांची छोटी रूपं छापलेली असतात. ती कर्माची जागा दाखवतात. काही कोशांत कर्म आणि क्रियाविशेषण यांच्यामध्ये ↔ अशी दुतोंडी खूण असते. तिथे कर्म दोन्ही बाजूंना चालतं. खूण नसेल तर छापलेला क्रम हलवू नका. ‘समबडी’ आहे की ‘समथिंग’ हेही बघा. ‘पुट समबडी ऑफ’ आणि ‘पुट समथिंग ऑफ’ यांत किती फरक आहे ते वर आलंच आहे.

८. मेलमध्ये कुठे वापरायचं, कुठे टाळायचं

बोलताना या जोड्या मोकळेपणाने वापरा. त्या गावंढळ किंवा हलक्या नाहीत. करारनामा, तपासणी अहवाल, अर्ज यांत एकेरी क्रियापद जास्त बसतं: ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’, ‘पुट आऊट’ऐवजी ‘एक्स्टिंग्विश’, ‘पुट अप विथ’ऐवजी ‘टॉलरेट’.

माल उशिरा जाणार असेल तेव्हा तर हे शब्द निवडून वापरा. ‘वुई हॅव पुट ऑफ द डिस्पॅच’ लिहिलं की माल मुद्दाम, आपल्या मर्जीने थांबवला असं वाचलं जातं, आणि पुढच्याच मेलमध्ये ‘का?’ असा प्रश्न येतो. गाडी मिळाली नाही किंवा घाटात अडकली असेल तर ‘द डिस्पॅच हॅज बीन डिलेड’, त्याच वाक्यात कारण, आणि लगेच नवी तारीख.